औषधवालीचं माप

“बाईला हाडं आहेत की नाहीत, कोण जाणे. वाकते कशी, बघा जरा. आपण एवढं वाकलो तर परत सरळ करायला दोन माणसं लागतील.”

हे पुटपुटणं औषधांच्या खिडकीमागून आलं. खिडकीच्या अलीकडे वॉर्डमावशी कापसाचं बंडल न्यायला उभ्या होत्या, त्यांनी ते शब्दन् शब्द ऐकलं.

“कोण वाकतंय गं?” मावशींनी साळसूद चेहऱ्यानं विचारलं.

“कोणी नाही. कापूस घ्या नि इथं सही करा.”

वाकत होती ती नवीन आलेली व्यायामवाली. तिच्या पदवीचं नाव लांबलचक होतं, पण या छोट्याशा दोन मजली दवाखान्यात प्रत्येकाचं नाव त्याच्या कामावरून पडायचं, त्यामुळे ती आठवडाभरातच व्यायामवाली झाली. वाऱ्यानं तिच्या हातातले रंगीत कागद व्हरांडाभर उडाले होते आणि ती ते गोळा करत होती. अर्धे कागद गोळा करून देत होता फोटोवाला, म्हणजे एक्स-रे काढणारा. दोघंही हसत होते. कागद उचलण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे औषधवालीला कळेना. तिनं खोकल्याच्या बाटल्या उगाचच पुन्हा ओळीत लावल्या. त्या आधीही ओळीतच होत्या.

औषधवालीची ख्याती एकच. तिचं माप चुकत नाही. थेंब म्हणजे थेंब, चमचा म्हणजे चमचा. वॉर्डातल्या आया एकमेकींना सांगत, “तिनं दिलंय ना? मग डोळे मिटून पाजा.” आणि फोटोवाल्याची ख्याती अशी, की त्याच्या खोलीत शिरताना रडणारं पोर बाहेर येताना रडत नसे. “हसू का?” असं कुणी विचारलं की तो म्हणे, “हसा की. हाडं हसरी येतात.”

या दोघांची गाठ पडली ती एका भाजलेल्या बोटामुळे. तो नवा होता, चहाच्या किटलीला हात लावून बसला होता, आणि मलम मागायला खिडकीशी आला. तिनं मलम दिलं, वर रागेही भरली. ते त्याला इतकं मानवलं, की तेव्हापासून चहाच्या सुट्टीत त्याला रोज काहीतरी व्हायला लागलं. कधी डोकं धरायचं, कधी घसा बसायचा.

“तुम्हाला रोज नवा आजार कसा होतो हो?” ती विचारी.

“खिडकी जुनीच आहे, औषधबाई. आजार तरी नवा नको?”

ती मान खाली घालून गोळी पुढे सरकवी. तो गोळी खिशात टाकून निघून जाई. खाल्ली कधीच नाही त्यानं, आणि तिनंही कधी खऱ्या औषधाची दिली नाही, आल्याची चघळायची वडी असायची ती. वर्षं गेली. सगळा दवाखाना ते बघत होता… शेगडीवरचं दूध आता उतू जाईल, मग जाईल, म्हणून बघत बसावं आणि ते जाऊच नये, तसं.

आणि मग ही व्यायामवाली आली. आली ती आली, येताना एक बातमीही घेऊन आली. ती आधी जिथं काम करायची, त्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याला एक्स-रेसाठी माणूस हवा होता. तिनं याचं नाव सुचवलं. पगार जास्त, राहायला जागा, नवंकोरं मशीन. जायचं की नाही ते शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांना सांगायचं होतं. कुणी विचारलं की फोटोवाला “बघू” म्हणायचा. आणि म्हणताना औषधांच्या खिडकीकडे बघायचा, असं मावशींचं म्हणणं. खिडकीत मात्र त्या वेळी नेमकं कुणीतरी बाटल्या ओळीत लावत असायचं.

शुक्रवारीच दिव्यांची संध्याकाळ होती. ज्या मुलांना घरी जाता येत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सगळा वॉर्ड सजवायचा, अशी या दवाखान्याची रीत. मोठ्या सिस्टरांचा दंडक असा, की प्रत्येकानं स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं. “विकतचं तोरण दिसलं तर तोरणासकट माणसाला बाहेर पाठवीन,” असं त्या दरवर्षी बजावत. मग कुणी रिकाम्या बाटल्यांत दिवे ठेवायचं, कुणी औषधांच्या खोक्यांतून चांदण्या कापायचं. व्यायामवालीनं तर आल्या आल्या जाळीच्या पट्टीचे गुलाब करून दाखवले. पट्टी गुंडाळायची, मध्ये चिमटायची, कडा बोटानं उलगडायच्या. गुलाब असे काही सुरेख होत, की औषधवालीला त्यातल्या एकावर तरी डाग पडावा असं वाटलं. वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. पण वाटलं.

फोटोवाल्याची कल्पना सगळ्यांहून न्यारी. कपाटात जुन्या, कुणी न नेलेल्या फिल्मा पडल्या होत्या. नावाचे कोपरे त्यानं आधीच कापून टाकले होते. त्या फिल्मांचे कंदील करायचे. काळा रंग थोडा फिका केला, की उजेडात बरगड्या पानांच्या शिरांसारख्या दिसतात, म्हणाला. त्यासाठी ब्लीचचं पाणी हवं होतं, अगदी सौम्य.

“तुमच्याशिवाय कोणाकडे जाणार?” तो खिडकीवर हात ठेवून म्हणाला. “माप जरा इकडचं तिकडं झालं तर सगळं पुसून जाईल.”

दुपारी ती बाटली नि मापाचा पेला घेऊन त्याच्या फिल्म धुण्याच्या खोलीत गेली. अरुंद खोली, दोन हौद, भिंतीवर लाल बारीक दिवा. साधा दिवाही होता. या कामाला तो लावला असता तरी चाललं असतं. दोघांनीही लावला नाही. का, ते मला विचारू नका.

“इथं वास कसला येतो?” ती म्हणाली.

“माझा. फिल्म धुणाऱ्याच्या बोटांना असाच येतो.”

“हं.”

“‘हं’ म्हणजे चांगला की वाईट?”

“म्हणजे… वास.”

लाल उजेडात त्याचे दात दिसले. त्यानं बादलीत पाणी घेतलं, तिनं पेला वर धरला. पेल्यावरची रेघ दिसावी म्हणून दोघांनी एकाच वेळी मान पुढे केली आणि डोक्याला डोकं लागलं. कुणी मागे झालं नाही. लगेच तरी नाही.

तेवढ्यात दार उघडलं, खटका वाजला, आणि खोलीत पांढराशुभ्र उजेड पडला.

“अगं बाई, अंधारात काय करताय?” व्यायामवाली म्हणाली. “चला ना जरा, शिडी धरायला कुणी नाहीये. दोन मिनिटं.”

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. नुसती बाही, तीही बोटांच्या टोकांनी, पण धरली. तो “आलोच” म्हणून गेला.

औषधवालीनं बादलीत एक माप ओतलं. बाहेरून हसण्याचा आवाज आला. तिच्या हातून आणखी एक माप पडलं. मग शिडी सरकल्याचा आवाज, “पडाल, पडाल,” आणि पुन्हा हसणं. पुन्हा एक माप. प्रत्येक हसण्याला तिनं एक माप मोजून दिलं, आणि त्या दिवशी दोघं बरंच हसले. मग तिनं फिल्मा एकेक करून बादलीत सोडल्या, हात धुतले आणि पुन्हा आपल्या खिडकीत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकचे तुकडे लटकत होते. एक बरगडी नाही, एक मणका नाही. काही म्हणता काही उरलं नव्हतं.

खोलीच्या दाराशी सगळे गोळा झाले. औषधवालीचं माप चुकलं, ही गोष्ट दवाखान्यात कधी घडली नव्हती. आणि ते का चुकलं, हे न कळण्याइतकं तिथं कुणी खुळं नव्हतं.

“पाणी गरम असेल,” मोठ्या सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या.

“हवाच अशी आहे,” मावशी म्हणाल्या. “माझ्या घरी पीठसुद्धा आंबलं.”

“ब्लीच नवीन कंपनीचं आहे का?” मोठे डॉक्टर जाता जाता म्हणाले, आणि उत्तर ऐकायला थांबले नाहीत.

सगळ्यांनी मिळून तो दोष पाण्याच्या गळ्यात बांधला आणि सुटकेचा श्वास टाकला. एकटी व्यायामवाली नवीन. ती भाबडेपणानं म्हणाली, “पण तुमचं माप तर कधीच चुकत नाही म्हणे ना?”

मावशींना एकाएकी वॉर्डातलं काम आठवलं. फोटोवाला दोरीवरची एक कोरी फिल्म उजेडात धरून तिच्यातून आरपार बघत होता. तिच्यातून त्याला औषधवालीच दिसत असणार, कारण पलीकडे तीच उभी होती.

“छान स्वच्छ निघाल्यात,” तो म्हणाला.

ती वळली आणि निघून गेली.

दुपारी खिडकीशी व्यायामवाली आली. हातात प्रिस्क्रिप्शन नव्हतं.

“एक विचारू? रागावणार नाही ना?”

“औषधाचं असेल तर विचारा.”

“औषधच समजा.” तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीत जवळ आली. तिच्या केसांना साबणाचा वास होता, तोही बरा होता, हे औषधवालीनं नाराजीनं नोंदवलं. “मला फोटोवाले आवडतात. खरं सांगते. मी इथं थोड्या दिवसांपुरतीच आलेय, पुढच्या महिन्यात परत तिकडे जाणार आहे, घर तिकडेच आहे माझं. तेही तिकडे आले तर… म्हणजे तुम्हाला कळतंय ना. पण मी त्यांचं नाव काढलं की इथं सगळे असे गप्प होतात. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमचं नि त्यांचं काही आहे का?”

“माझं?”

“असेल तर आत्ता सांगा. मी लगेच बाजूला होईन. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय नाही मला.”

इतकं सरळ कुणी बोललं की माणसाला नीट रागही धरता येत नाही. तिचा चेहरा भांडायला आलेल्या बाईचा नव्हताच. उलट औषधवालीनं हो म्हटलं असतं तर ही बिचारी खरंच बाजूला झाली असती. आणि तेच नको होतं. कुणी बाजूला झालं म्हणून मिळालेला माणूस घेऊन काय करायचं? शिवाय, त्यानं तरी कधी काही म्हटलंय का? आल्याच्या वड्या नेल्या, एवढंच ना?

“छे हो,” औषधवाली म्हणाली. “ते गोळ्या मागतात, मी देते. माझं काय असणार?”

“नक्की?”

“नक्की.”

व्यायामवालीचा चेहरा उजळला. ती गेली आणि औषधवालीनं खिडकी धाडकन लावून घेतली.

“अहो बाई,” बाहेरून एक म्हातारा म्हणाला, “अजून वेळ संपली नाहीये. मी रांगेत आहे.”

कोऱ्या फिल्मांचं आता काय करायचं, हा प्रश्न होताच. गुरुवारी फोटोवाला त्यांची चळत घेऊन औषधांच्या खोलीत आला आणि न विचारता स्टुलावर बसला.

“पुसल्यात तुम्ही, आता रंगवा तुम्हीच,” म्हणाला.

तिनं कपाट उघडलं. कापसाच्या काड्या काढल्या आणि छोट्या वाट्यांत रंग ओतले.

“जांभळा कशाचा?”

“तोंड आल्यावर लावतात तो.”

“आणि हा पिवळसर?”

“जखमेचा.”

“लाल नाही का?”

“खोकल्याच्या औषधाचा आहे. पण तो चिकट राहतो, मुंग्या येतील.”

“म्हणजे आपला कंदील सगळ्या रोगांतून उठलेला असणार.”

तिला हसू आलं, तिनं ते गिळलं. दोघं रंगवू लागले. काडी फिल्मवर ओढली की रंग आधी थेंबाथेंबानं आक्रसायचा, मग हळूहळू पसरायचा. तिची पानं रेखीव, एका मापाची. त्याची पानं म्हणजे पानं आहेत हे सांगावं लागेल अशी. रंग वाळला की फिल्म अर्ध्यात दुमडायची, घडीकडून कात्रीनं चिरा द्यायच्या, उलगडून गोल वळवायची आणि टाचायची. फिल्म हट्टी असते, सारखी सरळ व्हायला बघते. एकानं ती वळवून दाबून धरायची, दुसऱ्यानं स्टेपलरची पिन मारायची. एवढं जवळ बसून काम करायचं आणि एकमेकांकडे बघायचं नाही, याला फार कौशल्य लागतं. दोघांकडेही ते होतं.

“उद्या सांगायचंय,” तो कंदिलाकडे बघत म्हणाला.

“हो. ऐकलं.”

“मशीन नवीन आहे. फिल्मच नसते. पाण्यात हात घालायचा नाही, अंधार नाही, लाल दिवा नाही.”

“मग बरंच आहे की. बोटांचा वास जाईल.”

त्यानं बोटं नाकाशी नेली. “एवढा वाईट येतो?”

तो व्हरांड्यातून गेला की तिला न बघताही कळायचं, ते त्या वासामुळेच. सगळ्या दवाखान्यात स्पिरिट नि फिनेलचा दर्प असायचा, त्यातून तो एक वास ती वेगळा काढायची, आणि मग दिवसाचं उरलेलं काम हलकं व्हायचं. हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं.

“येतो थोडा,” ती म्हणाली.

“त्या म्हणतात, तिकडे मला आवडेल.”

“त्या म्हणतात म्हणजे आवडेलच. त्यांना काय आवडतं काय नाही, सगळं पाठ झालेलं दिसतंय तुम्हाला.”

त्याचा हात थांबला. “आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी औषधांचं सांगते. बाकीचं मला काय कळतंय?”

“एवढं साधं विचारलं तर…”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मशीनचं सांगितलंत.”

“बरं,” तो म्हणाला. आणि नंतर बराच वेळ स्टेपलरचाच आवाज येत राहिला. उठताना तो दारात थांबला. काहीतरी म्हणेल असं वाटलं… तर म्हणाला, “आज डोकं खरंच दुखतंय.” तिनं खरी गोळी दिली. पहिल्यांदाच.

शुक्रवारी संध्याकाळी वॉर्डातले मोठे दिवे मालवले आणि कंदील लागले. जांभळी, पिवळी पानं भिंतींवर, चादरींवर, मुलांच्या कपाळांवर हलू लागली. पायाला प्लास्टर असलेल्या एका मुलीनं आपल्या प्लास्टरवर पडलेलं पान हातानं पकडायचा सपाटा लावला. खाटांच्या दांड्यांना पट्टीचे गुलाब होते, खिडक्यांत बाटल्यांतले दिवे होते. गुलाब अतिशय सुंदर दिसत होते. औषधवालीनं ते मनातल्या मनात मान्य केलं, आणि ते मान्य करताना दाढ दुखावी तसं काहीतरी झालं.

ती स्टुलावर चढून शेवटचा कंदील बांधत होती. दोरी दातांत धरली होती, दोन्ही हात वर. खाली सगळे सरबताचे पेले घेऊन उभे होते. फोटोवाल्याच्या शेजारी व्यायामवाली. आज तिनं केसांत त्यातलाच एक गुलाब खोचला होता.

“मग काय,” मोठे डॉक्टर म्हणाले, “काय ठरलं तुमचं?”

फोटोवाल्यानं पेला खाली ठेवला.

“सगळ्यांना विचारून सांगावं म्हटलं,” तो म्हणाला. पण त्याची नजर वर, स्टुलाकडे गेली.

“संधी चांगली आहे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. एवढं बोलून त्या चष्मा पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या.

“तिकडची हवा बरी म्हणतात,” मावशी म्हणाल्या. बोलून त्यांनी रिकामाच पेला तोंडाला लावला.

“जागाही मोठी मिळेल,” आणखी कुणीतरी म्हणालं.

“मी स्टेशनवर घ्यायला येईन,” व्यायामवाली म्हणाली.

औषधवालीच्या तोंडात दोरी होती, त्यामुळे तिला काही बोलायचं कारण नव्हतं. ती दोरी फार सोयीची होती. तिनं खाली बघितलं. तो अजून वरच बघत होता, आणि हसत नव्हता. इतक्या वर्षांत हा माणूस हसत नाही असं तिनं कधी बघितलं नव्हतं. चेहरा इतका उघडा, की तिला तो परका वाटला, आणि भीती वाटली की या चेहऱ्यानं तो आता “जातो” म्हणणार.

“तर मग मी…” त्यानं सुरुवात केली.

तिनं दोरी तोंडातून काढली. कंदील निसटला, तिच्या खांद्यावर आपटून खाटेवर पडला. तिनं कंदिलाकडे बघितलंही नाही.

“थांबा,” ती म्हणाली. आणि आधी व्यायामवालीकडे वळली. “त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना खिडकीशी. मी खोटं सांगितलं तुम्हाला.”

व्यायामवालीनं तिच्याकडे बघितलं. मग हळूच पेला खाली ठेवला. “मला थोडं वाटलंच होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही ‘नक्की’ म्हणालात.”

“म्हणाले. चुकलं माझं. तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगायला हवं होतं.” स्टूल डुगडुगत होतं. मावशींनी पुढे होऊन ते धरलं. “मला तुमचा हेवा वाटतो. तुमच्या गुलाबांचा वाटतो. तुम्ही वाकता त्याचासुद्धा वाटतो. त्या मेल्या मशीनचा वाटतो, बघितलं नाही तरी. आणि पाण्याचा काही दोष नव्हता, सिस्टर. पाणी गरमबिरम काही नव्हतं.”

“माहीत आहे गं,” मोठ्या सिस्टर पुटपुटल्या.

फोटोवाला स्टुलाजवळ आला. ती वर, तो खाली, मधे एक हात अंतर. भिंतीवरची जांभळी पानं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होती.

“हे सगळं तुम्ही इतरांना सांगितलंत,” तो हलकेच म्हणाला. “मला काय सांगणार?”

सगळा वॉर्ड ऐकत होता. प्लास्टरवाली मुलगीसुद्धा पान पकडायचं थांबली होती. औषधवालीनं एकदा मान खाली घातली, आणि मग वर केली.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “जाऊ नका.”